कीटक-कवच प्रथिने : निर्मिती व शुद्धीकरण

कीटकाच्या कवचात कायटिनच्या (साखरेच्या रेणूंची लांब साखळी असलेल्या चिवट पदार्थाच्या) तंतूंना धरून असलेली प्रथिने वेगळी काढण्याची, किंवा जीवाणूंकडून बनवून घेऊन शुद्ध करण्याची प्रक्रिया. कवचाला भेदणारी किंवा ते घडूच न देणारी कीडनाशके शोधताना अशी प्रथिने लागतात.

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातली हुमणी हे याचे हाताशी असलेले उदाहरण. वळीव पडला की भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात. पुढे त्यांच्या अळ्या उसाची मुळे खातात. नुकती कात टाकलेल्या अळीचे डोके पांढरेफटक असते, काही तासांत ते तपकिरी आणि टणक होते. तेवढ्या वेळात क्विनोन संयुगे प्रथिनांना एकमेकांशी कायमची जखडतात. मग ती सहजासहजी सुटत नाहीत. म्हणून अळी डोके पांढरे असतानाच उचलावी लागते. वाटलेला अर्कही काळा पडतो, गुऱ्हाळावर उघडा राहिलेला उसाचा रस काळवंडतो तसाच. दोन्हीकडे फिनॉलचे ऑक्सिडीकरण होते. ते रोखायला फिनिलथायोयुरिया घालतात.

चरबी व स्नायू खरवडून उरलेले कवच 8 मोलर युरियात भिजवतात, म्हणजे लिटरला सुमारे 480 ग्रॅम. विरघळताना भांडे गार पडते आणि ते तापवायचा मोह होतो. तो टाळावा: तापलेल्या युरियात सायनेट वाढते आणि प्रथिनाला चिकटून ते बिघडवते.

या अर्कात अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. एकच हवे असल्यास त्याचे जनुक ई. कोलाय जीवाणूत घालतात, प्रथिनाला सहा हिस्टिडिनांची (निकेलला धरणाऱ्या अमिनो आम्लाची) शेपटी जोडतात, निकेलच्या स्तंभात ते अडकवून इमिडाझोलने, म्हणजे निकेलवरची हिस्टिडिनाची जागा घेणाऱ्या रसायनाने, सोडवतात. जीवाणूत ते बहुधा न विरघळणाऱ्या गुठळ्या होऊन बसते. तेव्हा ते विरघळवायला पुन्हा युरिया, आणि मग प्रथिनाची घडी नीट बसावी म्हणून तो टप्प्याटप्प्याने कमी करणे.

प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच पट्टा दिसला म्हणून काम संपत नाही. खरी कसोटी कायटिनची. अनेक कवच-प्रथिनांत 1988 साली ओळखला गेलेला रीबर्स-रिडिफोर्ड क्रम (अमिनो आम्लांची ठरावीक रचना) असतो आणि तोच भाग कायटिनला धरतो. शुद्ध केलेले प्रथिन कायटिनच्या मण्यांना चिकटले नाही, तर त्याची घडी चुकली असण्याची शक्यता मोठी.

हुमणीवर वापरली जाणारी मेटॅरायझियम बुरशी प्रथिने कापणाऱ्या विकरांच्या मदतीने कवच फोडून आत शिरते. ही विकरे कोणते प्रथिन आधी कापतात, हे अशा शुद्ध नमुन्यांवर तपासता येते.