रायफलच्या बॅगेला इतकी नावं आली कुठून?

शूटिंग शिकणारी पोरं नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला रिक्षात बसतात तेव्हा ती लांबलचक काळी बॅग मांडीवर आडवी मावत नाही, उभीच धरावी लागते, आणि शेजारच्या काकू हमखास विचारतात, गिटार का रे? 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तरी ही बॅग अजून कुणी ओळखत नाही.

विकत घ्यायला गेलात तर कुठे केस लिहिलेलं, कुठे स्लिप, कुठे स्कॅबर्ड, कुठे ड्रॅग बॅग. सगळं एकच वाटतं, पण तसं नाहीये. रायफल कोण नेत होतं आणि कशावरून, त्यावरून ही नावं पडलीत, आणि बॅगेची बनावटही त्यावरूनच ठरलीये.

स्कॅबर्ड म्हणजे सरळ म्यान. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, त्याच्या शेवटच्या भागात राखणं, जपणं असा अर्थ आहे. आधी तो तलवारीचा होता, मग अमेरिकेत घोडेस्वार जिनाला चामड्याचं लांब म्यान बांधून त्यात रायफल खुपसायला लागले, दस्ता बाहेर, म्हणजे हात घातला की लगेच निघते, आणि नाव तेच राहिलं. ब्रिटिश घोडदळात अशाच चामडी खोळीला बकेट म्हणायचे.

स्लिप हे ब्रिटिश शिकाऱ्यांचं. मऊ, हलकी, बंदूक सरकवली की आत. ड्रॅग बॅग स्नायपरची, तो जमिनीवर सरपटत जातो आणि बॅग दोरीने मागून ओढतो, म्हणून खालचं कापड जाड लागतं आणि रायफलवरच्या दुर्बिणीपाशी भरपूर पॅडिंग, कारण दुर्बीण जराशी हलली तरी नेम गेला. केस हा लॅटिन कॅप्सावरून, म्हणजे पेटी. विमानाने न्यायची तर कुलूपबंद कडक पेटीच लागते.

मराठीत यासाठी गवसणी हा फार छान शब्द आहे. आकाशाला गवसणी घालतो आपण रोज, पण मूळ गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर, सतारीवर चढवतात ती शिवलेली खोळ. मला तर स्लिपला हेच नाव आवडेल.

आता गंमत बघा, स्कॅबर्डच्या नावातच राखण आहे पण रायफल महिनोन् महिने त्यात ठेवली तर चामडंच तिला खातं. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्याला न दिसणारा पाण्याचा पातळ थर धरतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो, आणि नाशिकच्या जुलै-ऑगस्टात आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. चामडं हवेतला ओलावा शोषतं, शिवाय कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात. केसमधला फोमही ओल धरून ठेवतो. त्यात हाताच्या घामातलं मीठ, त्यामुळे जिथे बोटं टेकली नेमके तिथेच तपकिरी ठिपके उठतात. एसी रेंजमधून, म्हणजे नेमबाजीच्या हॉलमधून, गार झालेली नळी बाहेर दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं, ती तशीच चेन लावून बंद केली तर ते पाणी जाणार कुठे?

म्हणून पावसाळ्यात घरी आल्या आल्या बॅग उघडायची, रायफल कोरडी पुसून लोखंडी भागांवर तेलाचा हात फिरवायचा, रिकामी बॅग फॅनखाली पूर्ण उघडी टाकायची. सिलिका जेलच्या पुड्या टाकतात त्या चांगल्याच, त्यातल्या बारीक छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटून बसतं, पण छिद्रं भरली की पुडी नुसती पडून राहते, निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून परत सुकवायचे.