कासवाच्या पिल्लाचं अंथरूण

जमिनीवरच्या कासवाचं पिल्लू ज्या पेटीत किंवा टबात ठेवतात त्याच्या तळाला पसरलेला थर म्हणजे हे अंथरूण, दुकानात त्याला सबस्ट्रेट म्हणतात. मऊ लागावं म्हणून घालतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याचं खरं काम ओल धरायचं. पिल्लाचं अंग एवढंसं, पाणी पटकन आटतं, आणि हवा कायम कोरडी राहिली की कवचावरचा एकेक खवला टेकडीसारखा वर येतो, याला पिरॅमिडिंग म्हणतात. 2003 साली सुल्काटा या आफ्रिकी जातीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात खाण्यातल्या प्रोटीनपेक्षा कोरडी हवाच याला जास्त कारणीभूत दिसली, आणि आलेल्या टेकड्या नंतर काही केल्या बसत नाहीत.

कासव पाळायचं ते फक्त परदेशी जातींचं, तेही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून. आपल्याकडचं स्टार कासव शेतात सापडलं म्हणून, नाहीतर लक्ष्मी येते म्हणून घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, वनखात्याला कळवायचं.

बेळगाव-निपाणीकडं सोयीचं पडतं ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, नर्सरीत त्याची दाबलेली वीट मिळते. काथ्यात मीठ असतं म्हणून दोन-तीन पाण्यानं धुवायचं, मग मूठभर घेऊन दाबायचं, लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. थर दोन-तीन इंच, म्हणजे पिल्लू आत घुसून बसतं, नुसती कवचाची कड दिसते.

वाळू नको, कासव वाळवंटातलं म्हणून लोक हौसेनं घालतात आणि ती चाऱ्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. पेपरवर पाय घसरतात. भाताचं तूस खानापूरकडं गिरणीत ढिगानं पडलेलं असतं पण धूळ फार आणि ओल काहीच धरत नाही, उसाच्या चिपाडाला मुंग्या आणि बुरशी ठरलेली. देवदार, पाईनचा भुसा तर नकोच, त्यातल्या तेलाचा त्रास होतो.

एप्रिलमध्ये कोपऱ्यातून थोडं थोडं पाणी सोडायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो, पोटाखालचं कवच कायम ओल्यात राहिलं तर कुजतं. जुलै-ऑगस्टात बेळगावचा पाऊस लागला की वरून पाणी घालायची गरजच नाही, उलट कुबट वास आला की सगळं काढून बदलायचं. डिसेंबरच्या थंडीत पिल्लू वरच बसून राहिलं, आत घुसेना, तर खाली हात घालून बघा, बहुतेक वेळा तळ गारढोण होऊन चिखल झालेला असतो.