शिक्षण हमी पत्रक की शाळा सोडल्याचा दाखला?

दिवाळी जवळ आली की बीड, जालना, परभणीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. मुकादमाचा ट्रक ठरतो आणि आदल्या दिवशी शाळेत निरोप येतो, ‘गुरुजी, पोराचा दाखला द्या, तिकडं शाळेत घालतो.’ बापाचा हेतू चांगलाच असतो, पण तो मागतोय तो कागद चुकीचा आहे. हंगाम संपल्यावर गावी परतणाऱ्या मुलाला दाखला नको, शिक्षण हमी पत्रक हवं. काही जण त्याला हमी कार्डही म्हणतात.

दाखला दिला की गावच्या शाळेतून मुलाचं नाव कमी होतं. गाळप उरकून कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परततं, तोवर वर्ष संपत आलेलं असतं. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा हजेरीत नाव नाही, आणि नाव नाही म्हणून विचारायला कुणी घरी येत नाही. नवा प्रवेश कुणीतरी मुद्दाम घ्यावा लागतो. तो राहिला की पोरगं शाळेबाहेर, आणि दोनेक वर्षांनी हातात कोयता.

हमी पत्रकात नाव गावच्याच शाळेत राहतं. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे मुख्याध्यापक त्यात लिहून देतात. कारखान्याच्या भागातली शाळा ते पाहून मुलाला वर्गात बसवते. परत येताना तिथली नोंद घेऊन मूल आपल्या जुन्या वर्गात येतं. डोकी सेंटरची, म्हणजे ऊस डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणारी टोळी तर एका गावचा फड संपला की कोप्या (राहायच्या झोपड्या) उचलून दुसऱ्या गावी जाते. तिथे दर वेळी नवा दाखला कोण काढणार? पत्रक मात्र मुलाबरोबर फिरू शकतं.

हे फक्त ऊसतोडीपुरतं नाही. वीटभट्टी, दगडखाण, बांधकाम, मासेमारी, काम कोणतंही असो. कुटुंब कामासाठी जातं आणि परत येतं, एवढंच पाहायचं. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला इथे मागायचं कारण नाही. मागे आजी-आजोबा असतील आणि गावात हंगामी वसतिगृह चालू असेल, तर मूल गावीच ठेवणं मला जास्त बरं वाटतं. कुटुंब कायमचंच पुण्या-मुंबईला राहायला निघालं असेल, तर मात्र दाखलाच घ्यावा.

आणि दोन्हीपैकी एकही कागद जवळ नसेल तर? तरीही प्रवेश मिळायलाच हवा. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी हे स्पष्ट सांगतो. कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारता तर येतच नाही. उलट दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्माचा पुरावा नाही म्हणून परत पाठवणं कलम 14 ला धरून नाही. कलम 4 मुळे मधल्या खंडानंतरही मुलाला वयानुसार वर्ग मिळतो. बदलून जाण्याचा हा हक्क सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत चालतो. विनाअनुदानित खासगी शाळेत नाही.

टोळी कर्नाटकात गेली तर? हमी पत्रक ही आपल्या राज्याची व्यवस्था, पण कलम 5 राज्याबाहेर जाणाऱ्या मुलालाही लागू आहे. तिथल्या शाळेत पत्रकासोबत या कलमाचं नाव घ्यावं.

शिक्षकांनी ही यादी दिवाळीच्या सुट्टीआधीच करावी, कारण सुट्टी संपेपर्यंत बरीच घरं कुलूपबंद झालेली असतात. पत्रक देताना कारखाना कोणता, मुक्काम कोणत्या गावाजवळ आणि मुकादमाचा मोबाइल नंबर काय, हे आपल्याकडेही लिहून ठेवावं. त्याशिवाय मूल तिकडे शाळेत बसलं की नाही, हे विचारायला फोन करायचा तरी कुणाला?