कॅसँड्रा एकच, पण एस्किलसची वेगळी आणि युरिपिडीसची वेगळी

कॅसँड्रा म्हटलं की "खरं भविष्य सांगायची पण कुणाला पटायचं नाही" एवढंच डोक्यात असतं, मग ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मधली (इ.स.पू. ४५८) आणि युरिपिडीसच्या 'ट्रोजन विमेन'मधली (इ.स.पू. ४१५) यांची सरमिसळ होते. गोष्ट तीच, ट्रॉयची राजकन्या, आता ट्रॉय जिंकणाऱ्या ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याची दासी, आणि त्याच्यासोबत तीही मारली जाणार. पण रंगमंचावर या दोघी फार वेगळ्या आहेत.

एस्किलसची कॅसँड्रा आधी बोलतच नाही. अगामेम्नॉनसोबत रथातून येते, तो अंथरलेल्या जांभळ्या कापडावरून महालात जातो तरी गप्प, त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा आत बोलावते तरी गप्प, राणीला वाटतं हिला आपली भाषाच येत नसेल. आणि राणी आत गेली की ही एकदम अपोलो देवाच्या नावाने किंचाळते. तिथून पुढचा सीन मला सगळ्या ग्रीक नाटकांत सगळ्यात जबरदस्त वाटतो. त्या घरात पूर्वी मारलेली थिएस्टीसची (अगामेम्नॉनच्या काकाची) पोरं तिला दिसतात, मग अगामेम्नॉनच्या खुनाचं जाळं, न्हाणी, घाव, म्हणजे झालेलं आणि होणारं सगळं एकाच दमात. अपोलोला दिलेला शब्द फिरवला म्हणून हा शाप, हेही तीच सांगते. आणि हे नीट बघा, कोरसमधले (रंगमंचावरच्या गाणाऱ्या समूहातले) म्हातारे तिला खोटी म्हणत नाहीत! उलट तुझं बोलणं आम्हाला पटतंय म्हणतात, जुने खून त्यांना माहीतच आहेत, फक्त पुढचं डोक्यात शिरत नाही. अगामेम्नॉन मरणार हे तिने नाव घेऊन सांगितलं तरी ते विचारतात, कुठला पुरुष करणार हे? करणारी तर बाई आहे, खुद्द राणी.

युरिपिडीसची मात्र मशाल घेऊन नाचतच येते, अगामेम्नॉनशी होणाऱ्या स्वतःच्याच लग्नाचं गाणं गात. आई हेक्युबा तिच्या हातातून मशाल काढून घेते, पोरीला वेड लागलंय असंच सगळे धरून चालतात. मग ती बोलायला लागते, आणि ते इतकं मुद्देसूद की बास. ग्रीक एका बाईपायी, हेलनपायी, घरापासून लांब मेले, बायकापोरांच्या हातून शेवटचे संस्कारही मिळाले नाहीत, आपली माणसं आपल्या मातीसाठी लढून मेली आणि घरच्यांनी पुरली, मग जास्त नशीबवान कोण? हे अथेन्सच्या प्रेक्षकांसमोर, ज्यांच्या शहराने थोड्याच महिन्यांपूर्वी मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकामुलं गुलाम केली होती.

म्हणजे पहिलीचं बोलणं समजत नाही, दुसरीचं समजतं पण कुणी मनावर घेत नाही. ग्रीकांचा दूत टाल्थिबियस तर तोंडावर सांगतो, अपोलोने तुझं डोकं फिरवलं नसतं तर आमच्या सेनापतींबद्दल असं बोलल्याची किंमत मोजावी लागली असती. वेडी समजतात म्हणूनच तिला सगळं बोलता येतं, अगदी या लग्नातूनच मी अगामेम्नॉनचं घर बुडवणार हेसुद्धा.