संशोधन डेटाची शोधसुलभता व वापरमापन

संशोधन करताना जमलेली मोजमापे, सर्वेक्षणातली उत्तरे, मुलाखती, प्रयोगांच्या नोंदी व त्यांवर चालवलेले संगणकीय प्रोग्रॅम हा ऐवज मूळ संशोधकाखेरीज इतरांना सापडावा, तसेच पुढे तो कोणी, किती व कसा वापरला हे कळावे यासाठीची व्यवस्था. ही जबाबदारी मुख्यतः विद्यापीठांची ग्रंथालये व डेटा रिपॉझिटरी (डेटा जपून इतरांना देणारे ऑनलाइन संग्रह) सांभाळतात.

मुंबईपुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. इंग्लंडमधील क्यू आणि ग्रिनिच वेधशाळांतील, चुंबकीय बदल कागदावर टिपणाऱ्या छायाचित्रण-यंत्रांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाबा वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेऊन आकडे उतरवत होते. त्यामुळे आडव्या चुंबकीय बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरण झाल्याची नोंद झाली. हे आकडे वेधशाळेच्या वार्षिक खंडांत छापले गेले. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने त्यांच्या आधारे वादळाची तीव्रता काढली. पुढे इतरांनी त्याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावून ती कमी ठरवली. हा वाद होऊ शकला, कारण मूळ आकडे दोन्ही बाजूंच्या हाती होते. जुना डेटा नुसता कपाटात टिकून भागत नाही. तो तिथे आहे हे शोधणाऱ्याला कळावे लागते.

आजच्या व्यवस्थेत हे कळवण्याचे काम मेटाडेटा, म्हणजे डेटासंचाचे वर्णन, करतो. कोणी, कुठे, कधी, कोणत्या पद्धतीने जमवला, रकान्यांचा अर्थ काय, वापराच्या अटी कोणत्या, हे त्यात येते. ‘फायनल_नवीन_२’ अशा नावाची एक्सेल फाइल आणि त्यात ‘क्यू७’, ‘क्यू८’ असे रकाने असतील, तर गाइड निवृत्त होताच ती फाइल निरुपयोगी होते. प्रश्नावली सोबत जोडली, तर तीच फाइल वीस वर्षांनीही बोलते. डेटासंचाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळाला, की संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी दुवा तुटत नाही, मात्र नवा पत्ता कोणीतरी नोंदवत राहावा लागतो. डेटासाठी असे क्रमांक देणारी प्रमुख संस्था डेटासाइट २००९ मध्ये स्थापन झाली. २०१६ मध्ये ‘फेअर’ तत्त्वे प्रसिद्ध झाली: डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. २०१८ मध्ये गूगलने डेटासंचांसाठी स्वतंत्र शोधयंत्र आणले. पान माणसाला कितीही सुबक दिसो, वर्णन ठरावीक यंत्रवाचनीय साच्यात नसेल तर हे शोधयंत्र ते उचलत नाही.

मुंबईत नावांचा गुंता मोठा आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था जुन्या लेखांत ‘यूडीसीटी’, मग ‘यूआयसीटी’ आणि २००८ नंतर ‘आयसीटी’ म्हणून येते. मुंबई विद्यापीठही १९९६ पर्यंत इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ होते. नावाने शोध घेतला तर एकाच संस्थेचे काम तीन ठिकाणी विखुरलेले दिसते. आरओआर ही संस्था-क्रमांकांची नोंदवही आणि संशोधकांसाठीचा ऑर्किड क्रमांक यांनी हा गुंता बराच सुटतो. मराठी सामग्रीची अडचण याहून बिकट आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरपद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या मुलाखती पडद्यावर नीट दिसतात, पण शोधयंत्राला तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. गिरणी कामगारांच्या आठवणी अशा फाइलींत असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणणे हेच शोधसुलभतेचे पहिले काम, आणि ते ग्रंथालयाने स्वतःहून हाती घ्यायला हवे.

पीएच.डी. प्रबंधांबाबत देशात बरीच मजल मारली गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे आले, आणि ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वाचता येतात. त्यांतील तक्ते मात्र पीडीएफमध्ये अडकलेले असतात. प्रबंध सापडतो, त्यामागचा डेटा सापडत नाही.

सापडणे म्हणजे सगळ्यांना खुले असणे नव्हे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी असून पाचव्या फेरीत (२०१९–२१) सुमारे ६.३७ लाख कुटुंबांची माहिती घेतली गेली. असा डेटा नाव-गाव काढून, नोंदणी व अटींसह दिला जातो. चौथ्या फेरीचे सर्वेक्षण-समूहांचे (पाहणीसाठी निवडलेल्या गावांचे वा वस्त्यांचे) अक्षांश-रेखांश देताना, कुटुंबे ओळखू येऊ नयेत म्हणून, ते मुद्दाम सरकवले गेले: शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात सहसा ५ पर्यंत. मुंबईसारख्या दाट शहरात २ किलोमीटर म्हणजे फार झाले. धारावीतला समूह नकाशावर माटुंग्यात पडू शकतो. वॉर्डनिहाय निष्कर्ष काढू पाहणाऱ्याला ही गोष्ट वर्णनातच ठळकपणे सांगितलेली हवी. डेटा बंद ठेवावा लागला तरी त्याचे वर्णन खुले ठेवता येते, आणि ठेवायलाच हवे.

वापरमापनात पहिला प्रश्न असतो: मोजायचे काय? ऑनलाइन सामग्रीचा वापर मोजण्याचे नियम ठरवणाऱ्या ‘काउंटर’ या संस्थेने ‘मेक डेटा काउंट’ उपक्रमासोबत २०१८ मध्ये आणलेल्या संहितेत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. डेटासंचाचे पान उघडणे ही पाहणी; प्रत्यक्ष डेटा घेणे ही मागणी. एकाच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत दोनदा क्लिक झाले तर ते एकदाच धरतात. शोधयंत्रांचे बॉट (आपोआप पाने चाळणारे प्रोग्रॅम) वगळतात, तर संशोधकाने प्रोग्रॅम लावून उतरवलेला डेटा ‘यंत्र’ या सदरात वेगळा मोजतात. ही काटेकोर पद्धत नसेल, तर दोन रिपॉझिटरींच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

तरीही डाउनलोड म्हणजे वापर नव्हे. एम.एस्सी.च्या वर्गाला असाइनमेंट मिळाली, की एका दुपारी तीच फाइल साठ वेळा उतरते. दुसरीकडे एखादी संशोधक एकदाच उतरवलेल्या फाइलीवर पाच वर्षे काम करते. म्हणून संदर्भयादीतील उल्लेख जास्त मोलाचा. २०१४ च्या डेटा-उद्धरणाच्या संयुक्त जाहीरनाम्याने डेटाला लेखाच्या बरोबरीने संदर्भ म्हणून मान देण्याचा आग्रह धरला. प्रत्यक्षात लेखक अजूनही ‘पाचव्या फेरीचा डेटा वापरला’ एवढेच पद्धतीच्या परिच्छेदात लिहून मोकळे होतात. क्रमांक न दिल्यामुळे तो वापर कोणाच्याच खात्यावर पडत नाही. असे उल्लेख लेखांच्या मजकुरातून यंत्राने हुडकून काढण्याचे प्रयत्न सुरू असून, डेटासाइटने उभारलेला डेटा-उद्धरणांचा खुला संग्रह २०२४ मध्ये उपलब्ध झाला.