लेबलाजवळचा 'स'

गेल्या पावसाळ्यात अमेरिकन गायिका ज्युली लंडनची 'ज्युली इज हर नेम' ही १९५५ सालची एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) हाती लागली. कव्हरवर बुरशीचे ठिपके होते, तबकडी मात्र आरशासारखी. उजेडात तिरकी धरून पाहिली, एक ओरखडा दिसेना. घरी येऊन लावली तर पहिलं गाणं मखमली. बाजूचं शेवटचं गाणं आलं आणि प्रत्येक 'स' कागद टरकावल्यासारखा फाटला. या रेकॉर्डवर बार्नी केसेलची गिटार, रे लेदरवुडचा बास आणि मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून गायलेला आवाज, एवढंच आहे. फाटलेला 'स' झाकायला मागे ऑर्केस्ट्राच नाही.

तेव्हापासून जुनी व्होकल जॅझची रेकॉर्ड घेताना मी आधी सुई शेवटच्या गाण्यावर ठेवतो आणि फक्त 'स' ऐकतो. डोळ्यांना न दिसणारी झीज तिथे सापडते.

असं का होतं? एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई कडेला असो की लेबलाजवळ. पण कडेचा फेरा सुमारे ९२ सेंटिमीटरचा आणि लेबलाजवळचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. गाणं ज्या नागमोडी खाचेत कोरलेलं असतं, ती बाहेर दर सेकंदाला ५१ सेंटिमीटर सुईखालून सरकते, आत फक्त २१. सेकंदभराचं गाणं आत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं.

आता 'स' म्हणून पाहा. जीभ दातांमागे जाते, फटीतून हवा सुटते आणि सळसळ होते. या सळसळीचा बराचसा जोर ५,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५,००० कंपनांच्या) वर असतो. खाचेतली ८,००० हर्ट्झची एक लाट कडेला ६४ मायक्रॉन लांब असते, लेबलाजवळ २६. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या असते १८ मायक्रॉन. एवढा गोळा २६ मायक्रॉनच्या लाटेच्या तळापर्यंत उतरणार कसा? तो वळणं घेतच नाही, वरच्यावर घासत जातो.

त्यात भर पडते आरआयएए नावाच्या पद्धतीची. १९५४ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी एक समान नियम मान्य केला: खाच कोरताना खर्ज (खालचे सूर) कमी करायचा, तार (उंच सूर) वाढवायची, आणि वाजवताना अॅम्प्लिफायरने बरोबर उलटं करायचं. युक्ती अप्रतिम आहे. तार पुन्हा खाली आणताना तबकडीची खरखरही तेवढीच खाली जाते, आणि खर्जाची वळणं लहान झाल्याने एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात. पण मधल्या सुरांच्या मानाने ८,००० हर्ट्झचा आवाज खाचेत जवळपास चौपट मोठा कोरला जातो. 'स'ची वळणं आणखी तीव्र होतात. तबकडी कोरणारे इंजिनिअर हे ओळखून होते. शक्य तिथे दणदणीत गाणी कडेला आणि हळुवार गाणी आत ठेवत. गायिकेचा 'स' मात्र हळुवार गाण्यातच सगळ्यात उघडा पडतो.

सत्तर वर्षांपूर्वीच्या घरगुती प्लेअरचे सुई धरणारे हात जड असत, आणि सुया बऱ्याचदा नीलमण्याच्या. हिऱ्यापेक्षा त्या फार लवकर झिजत. झिजलेल्या टोकाला धार येते आणि ती पहिल्यांदा तीव्र वळणंच तासते. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तेच आवडतं गाणं शंभरदा वाजलं, त्याची ही नोंद.

तरी लगेच निकाल देऊ नये. आधी रेकॉर्ड धुवावी, कारण मळानेही 'स' खरखरीत होतो. विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते घासलं की वीज साठते आणि धूळ ओढते. बुरशीला बोटांचं तेल पुरतं. शुद्ध पाणी, मऊ ब्रश आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल विनाइलला चालतं. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल कधीही लावू नका. त्या लाखेच्या असतात (ती लाख मुख्यतः आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जाई) आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

दुसरा उपाय, रेकॉर्ड मोनोत ऐकण्याचा, मला विज्ञान म्हणूनही फार आवडतो. डाव्या-उजव्या वेगळ्या आवाजाच्या, म्हणजे स्टीरिओ, एलपी बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, त्याआधीच्या एकाच आवाजाच्या, म्हणजे मोनो. मोनो खाच फक्त डावी-उजवीकडे वळते. पण कोरणारं पातं छिन्नीसारखं चपटं असल्याने उतारावर खाच अरुंद होते, आणि गोल सुई तिथे चिमटीत सापडून वर उचलली जाते, प्रत्येक लाटेत दोनदा. ही वरखाली हालचाल गाण्यात नव्हतीच. स्टीरिओ कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग) मात्र तीही आवाज म्हणून पकडतं, डाव्या-उजव्या वाहिन्यांत परस्परविरुद्ध दिशांनी. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ती एकमेकींना खोडते. धुळीच्या खरखरीचाही मोठा भाग तिच्याबरोबर जातो.

माझ्या अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे, वर्षानुवर्षं न वापरलेलं. रेकॉर्ड दोनदा धुतली, गोल सुईच्या जागी अरुंद कडांची लंबगोल सुई बसवली आणि ते बटण दाबलं. झिजलेला भाग काही परत आला नाही. दोन-तीन ठिकाणी 'स' अजूनही चरचरतो. पण बाकीचे तिच्या दातांमागे परत गेले, आणि शेवटच्या ओळीआधी तिने घेतलेला श्वास मला पहिल्यांदाच ऐकू आला.