प्रत्यय होऊन बसलेलं क्रियापद

स्पॅनिशमध्ये ‘मी गाईन’ म्हणजे ‘कांतारे’, ‘तू गाशील’ म्हणजे ‘कांतारास’ आणि ‘ते गातील’ म्हणजे ‘कांतारान’. यातून ‘कांतार’ (गाणे) हे मूळ क्रियापद काढून टाका. उरतं ए, आस, आन. ही ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं! लिहिताना त्यांच्या सुरुवातीला ‘ह’ असतो, पण तो कुणी उच्चारत नाही.

आबेर आलं लॅटिन ‘हाबेरे’वरून, अर्थ, जवळ असणे. प्राचीन रोमन वक्ता सिसेरोच्या लॅटिनमध्ये भविष्यकाळ निराळाच होता: ‘कांताबो’, मी गाईन. (त्यातला ‘बो’ही मुळात क्रियापदच, संस्कृत ‘भू’चा भाऊबंद.) पुढे बोलीत दोन स्वरांमधले ब आणि व सारखेच ऐकू येऊ लागले. मग ‘कांताबित’, तो गाईल, आणि ‘कांतावित’, तो गायला, यांत फरक कसा करायचा? जुना भविष्यकाळ मागे पडण्याचं हे एकमेव कारण नसेल, पण घोटाळा मोठाच होता.

लोकांच्या तोंडी आधीपासून ‘कांतारे हाबेओ’ अशी रचना होती. तिचा भाव आपल्या ‘मला गायचं आहे’सारखा: थोडा इरादा, थोडी सक्ती. तीच भविष्यकाळासाठी रुळली. वापरून वापरून हाबेओ झिजलं आणि आधीच्या शब्दाला चिकटलं. इटालियनमध्ये त्याचं ‘कांतेरो’ झालं, फ्रेंचमध्ये ‘शांतरे’.

या चिकटलेल्या रूपाची बहुधा सर्वांत जुनी नोंद 7व्या शतकातली, फ्रेदेगारच्या नावावरच्या इतिवृत्तातली आहे. रोमन सम्राट जस्टिनियन पराभूत पर्शियन राजाकडे प्रांत परत मागतो. राजा म्हणतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. सम्राट सुनावतो, ‘दारास’, देशील! म्हणून म्हणे तिथल्या शहराचं नाव दारास पडलं. ही निव्वळ दंतकथा. शहर जस्टिनियन गादीवर येण्याआधीच वसलेलं होतं. पण नकार जुन्या भविष्यकाळात आणि दटावणी नव्यात, हे मात्र फार मोलाचं.

पोर्तुगीजमध्ये हा सांधा अजून उघडा पडतो. ‘ते मी देईन’ हे औपचारिक लेखनात ‘दा-लो-एइ’ होतं. क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध ‘ते’ घुसवलेलं!

रोमेनियनने ही वाट धरलीच नाही. तिथे भविष्यकाळासाठी ‘इच्छिणे’ या क्रियापदाची मदत घेतात. आणि बोलीतल्या फ्रेंच-स्पॅनिशमध्ये आता ‘जाणे’ हे क्रियापद लावून केलेला भविष्यकाळच जास्त कानावर पडतो.